सावली काचेच्या वर हवी

स्कायलाइटला पडदा कोणता लावावा, असं विचारलं की दुकानात उत्तर तयार असतं. ब्लॅकआऊट रोलर घ्या, नाहीतर हनीकोंब घ्या, हात पोचत नसेल तर मोटर बसवा. उन्हाळ्यात गरम होईल का, असं विचारलं तर सांगतात, ‘ब्लॅकआऊट आहे ना, ऊन आत येणारच नाही.’ हे शेवटचं वाक्य चूक आहे, आणि विक्रेता थोडं वाढवून बोलतोच म्हणून ते सोडून देण्याजोगं नाही. त्यावर विश्वास ठेवून पुण्या-नाशकातल्या रो-हाऊसांत, नागपूर-अकोल्याच्या बंगल्यांत लोक बरेच पैसे घालतात. मे महिन्यात वरचा मजला तरीही तापतो. मग पडदा दिवसभर ओढून ठेवला जातो आणि भर दुपारी जिन्यात दिवा लागतो. उजेडासाठी स्लॅब कापला, काच बसवली, काचेखाली अंधार केला आणि त्या अंधारासाठी वीज जाळली. उष्णता मात्र घरात आलीच.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे छपरातल्या काचेला सावली द्यायची तर ती काचेच्या वर, घराबाहेर द्यावी लागते. आतला पडदा अंधार करू शकतो, आडोसा देऊ शकतो. उन्हाची उष्णता अडवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही, आणि कापड महाग घेतल्याने ते होऊ लागत नाही.

ऊन पडद्यावर पडतं तेव्हा ते काच ओलांडून घरात आलेलं असतं, हा या सगळ्याचा गाभा आहे. सूर्याकडून येणारी उष्णता मुख्यतः दृश्य प्रकाशात आणि त्याच्या लगतच्या अवरक्त किरणांत असते. साधी काच यातल्या बहुतांश किरणांना वाट देते. कापडावर पडून ते शोषले जातात, कापड तापतं. तापलेलं कापड पुढे जी उष्णता फेकतं ती बऱ्याच लांब लहरींची असते आणि त्या लहरींना साधी काच आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे जे आलं त्यातलं बरंचसं आतच राहतं. पांढरं किंवा चंदेरी पाठीचं कापड काही प्रकाश जसाच्या तसा परत काचेतून बाहेर पाठवतं, तेवढा त्याचा फायदा खरा. राखाडी, तपकिरी, काळं कापड तेवढाही देत नाही. दुकानातल्या नमुन्यांच्या पुस्तकात गडद रंगच जास्त खपतात, कारण ते धूळ झाकतात.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचांना आतून काळ्या जाळ्या लावल्या तरी दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तीच गाडी कडुनिंबाखाली लावली तर बसता येतं. घराच्या छपरालाही हाच नियम लागू आहे.

हा फरक मोजलेला आहे. जर्मनीत इमारतींच्या उन्हाळी बचावासाठी डीआयएन ४१०८ हे मानक वापरतात. सावलीचं साधन लावल्यावर काचेतून येणाऱ्या उष्णतेचा किती भाग शिल्लक राहतो, याचे आकडे त्यात दिले होते. काचेच्या आत लावलेल्या पांढऱ्या किंवा चकचकीत पडद्यासाठी सुमारे ०.७५, गडद पडद्यासाठी ०.९. काचेच्या बाहेर लावलेल्या फिरत्या पट्ट्यांसाठी ०.२५. म्हणजे आतल्या गडद पडद्यामागे दहातले नऊ भाग घरात येतात आणि बाहेरच्या पट्ट्यांमागे अडीच. काच, कापड, अंतर बदललं की हे आकडे मागेपुढे होतात. आत आणि बाहेर यांच्यातली दरी मात्र बुजत नाही.

आता आपल्या घराचा हिशेब करू. चार फूट बाय चार फुटांचा स्कायलाइट म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर काच. निरभ्र आकाश असलेल्या मे महिन्याच्या दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ९०० वॉटच्या आसपास ऊन पडतं. साध्या काचेतून त्यातलं सुमारे ८० टक्के आत येतं. म्हणजे त्या एका भोकातून हजार वॉटांहून थोडी जास्त उष्णता घरात उतरते. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश या एका काचेपायी खर्ची पडतो.

हनीकोंब पडद्याबद्दल जे सांगितलं जातं ते या हिशेबासमोर उभं राहत नाही. त्या पडद्याच्या घड्यांत हवेचे कप्पे असतात आणि ते उष्णतेचं वहन रोखतात, हे बरोबर आहे. पण वहन म्हणजे बाहेरच्या गरम हवेची उष्णता काचेतून झिरपत आत येणं. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंशाच्या फरकाला, सुमारे ५.७ वॉट झिरपतात. बाहेर ३८ आणि आत २८ अंश असतील तर ५७ वॉट. त्याच चौरस मीटरमधून थेट उन्हाचे ७२० वॉट येत आहेत. हनीकोंब या ५७ वॉटांवर उत्तम काम करतो. तो ज्या देशांसाठी घडला तिथे हिवाळी रात्री बाहेर उणे दहा आणि आत वीस अंश असतात, उष्णता बाहेर पळत असते आणि ती धरून ठेवणं हेच मुख्य काम असतं. आपल्या मुख्य दुखण्यावर तो औषध नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूला चंदेरी थर असेल तर तो थर काही ऊन परतवतो, पण मग श्रेय त्या थराचं आहे आणि साध्या पांढऱ्या कापडालाही त्यातलं बरंचसं मिळतं.

इथे कुणी म्हणेल, आम्ही पडदा लावला आणि खरोखर बरं वाटलं. वाटणारच. डोक्यावर थेट पडणारं ऊन थांबलं की अंगाची तलखी लगेच कमी होते, डोळ्यांवरचा ताण जातो. बारा वाजता पडदा ओढल्यावर मिळालेला आराम खोटा नाही. पण त्याच खोलीत चार वाजता, सहा वाजता काय होतं ते बघा. तापलेला पडदा स्वतः खाली उष्णता फेकत राहतो, भिंती आणि स्लॅब ती साठवतात. संध्याकाळी उन्हं उतरल्यावरही वरचा मजला निवत नाही. दुकानातला माणूस पडदा लावून साडेबारा वाजता निघून जातो, रात्री त्या खोलीत झोपायला तो नसतो.

आणखी एक गोष्ट पडदेवाले सांगत नाहीत आणि काचवाले सांगतात. काचेला चिकटून गडद पडदा लावला की काचेचा मधला भाग फार तापतो आणि चौकटीत दडलेल्या कडा तुलनेने थंड राहतात. या फरकाच्या ताणाने साधी काच कडेपासून तडकू शकते. रंगीत काच किंवा आतून लावलेली काळी फिल्म असेल तर धोका वाढतो. डोक्यावरच्या काचेबाबत हा धोका कुणी पत्करू नये. छपरात टफन केलेली आणि लॅमिनेट केलेली काचच हवी. लॅमिनेट काच फुटली तरी मधल्या थराला तुकडे चिकटून राहतात, अंगावर येत नाहीत. तो थर अतिनील किरणही जवळजवळ सगळे अडवतो. ‘फर्निचरचा रंग उडेल म्हणून पडदा हवाच’ या युक्तिवादातला मोठा भाग त्यामुळे तिथेच गळून पडतो.

मुळात हा आतल्या पडद्याचा सल्ला आला कुठून? छपरातली खिडकी घराघरांत नेण्याचं श्रेय बऱ्याच अंशी डेन्मार्कला जातं. व्हिलुम कान रासमुसेन या अभियंत्याने १९४१ मध्ये तिथे व्हेलक्स कंपनी सुरू केली आणि उतरत्या छपराखालचे अंधारे माळे राहण्याजोगे झाले. कोपनहेगन ५५ अंशांच्या पुढच्या अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांपर्यंतच चढतो आणि डिसेंबरात जेमतेम ११ अंशांपर्यंत. तिथल्या माणसाला छपरातून ऊन हवंच असतं. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्या-मुंबईत हा दिवस मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला. पुण्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यापासून दहा अंशसुद्धा कलत नाही. भिंतीतल्या खिडकीवर त्या काळात छज्जा पुरतो, कारण दुपारचं ऊन उभ्या भिंतीला घासून जातं. सपाट छपरावरच्या काचेला मात्र ते अगदी सरळ भेटतं. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यांत सगळ्यात जास्त ऊन घेणारी खिडकी म्हणजे स्लॅबमधली खिडकी.

आणि तरीही त्या थंड देशांतल्या कंपन्या स्वतः काय विकतात? उष्णतेसाठी म्हणून त्यांच्याकडे काचेच्या बाहेर लावायची जाळीची छत्री आणि बाहेरचं गुंडाळणारं शटर असतं. उन्हाळ्यासाठी बाहेरचं घ्या, अंधारासाठी आतलं, असं त्या सांगतातही. आपल्या बाजाराने त्यातलं आतलं अर्धं उचललं आणि बाहेरचं सोडून दिलं. आतला पडदा पडद्यांच्या दुकानात मिळतो, बाहेरच्या सावलीसाठी गच्चीवर चढून वेल्डिंग करावं लागतं. तेवढ्या अडचणीपायी चुकीचा सल्ला हाच रूढ सल्ला झाला.

सावली बाहेरून द्यायची, हे आपल्याला शिकवायला डेन्मार्क-जर्मनीची गरज नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटतं. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांत छताला सवणं असे, धूर जायला आणि उजेड यायला. पाऊस आला किंवा ऊन फार झालं की माळवदावर जाऊन त्यावर फरशी, पत्रा किंवा घमेलं ठेवत. झाकण बाहेरून. विदर्भात उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधत आणि त्यांवर पाणी मारत. ताटी बाहेरून. व्हरांड्याला बांबूच्या चिका सोडत त्याही खांबांच्या ओळीत, घराच्या भिंतीपासून लांब. ऊन घरात घेऊन मग त्याच्याशी झगडायचं, असा विचार आपल्या जुन्या घरांत सापडत नाही.

कोकणातल्या कौलारू घरांतली काचेची कौलं हा तर या विषयातला उत्तम धडा आहे. मंगलोरी कौलांच्या रांगांत मधेच एक-दोन काचेची कौलं बसवायची, बहुतेक स्वयंपाकघरावर किंवा माजघरावर. चुलीपाशी बसलेल्या बाईला तांदूळ निवडायला पुरेल एवढा उजेड त्यातून येतो. त्यांना कुणी पडदा लावला नाही आणि कुणाला त्याची गरजही पडली नाही. कौल लहान, छप्पर उंच, आणि बाकीच्या कौलांच्या फटींतून तापलेली हवा सतत वर निघून जाते. आजच्या स्कायलाइटचा निम्मा प्रश्न त्याच्या आकारातच आहे. आकाशाचा माथा हा उजेडाचा सर्वांत सधन भाग आहे. पूर्ण ढगाळ दिवशी तर तो क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट उजळ असतो. म्हणून छपरातली लहान काच भिंतीतल्या मोठ्या खिडकीचं काम करते. बारा बाय बाराच्या खोलीला दोन बाय दोनची काच पुरते. चार बाय चार, सहा बाय सहा, जिन्यावर अख्खाच्या अख्खा काचेचा घुमट, हे कागदावर शोभतं आणि उन्हाळ्यात छळतं. व्यावसायिक इमारतींसाठीच्या २०१७ च्या राष्ट्रीय ऊर्जा संहितेने स्कायलाइटला छपराच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यातली काच उन्हाच्या उष्णतेचा ०.३५ पेक्षा जास्त भाग आत सोडणारी नसावी असं म्हटलं. मोठमोठी कार्यालयं ज्या मर्यादेत राहतात ती ओलांडायची गरज राहत्या घराला का पडावी?

‘चांगली काच घ्या, मग सावलीच नको’ असं सांगणारेही आहेत. उष्णता परतवणाऱ्या लेपाची दुहेरी काच घेतली तर आपल्या उदाहरणातले हजार वॉट साडेतीनशे-चारशेवर येतात, हे मोठंच काम आहे. नवं घर बांधणाऱ्याने ती घ्यावीच. पण चारशे वॉटही वरच्या मजल्यावर दिवसभर नको असतात, आणि ज्यांची साधी काच आधीच बसली आहे त्यांनी काय करायचं? त्यांना मग काळी फिल्म लावायला सांगतात. या फिल्मवर माझा वेगळाच आक्षेप आहे. ती कायमची असते. एप्रिल-मेसाठी लावलेला काळोख जुलैतही तसाच राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांचे महिने आहेत. तेव्हा ऊन नसतं, खिडक्या पावसासाठी मिटलेल्या असतात, घर मळभलेलं असतं, आणि छपरातल्या काचेची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. चार महिने घराला उजेड देऊ शकणारी काच दोन महिन्यांच्या भीतीपोटी बारा महिने आंधळी करणं हा घरातल्या माणसांवर अन्याय आहे. ऋतूप्रमाणे काढता-घालता येईल अशीच सावली आपल्या हवामानाला शोभते.

अशी सावली आपल्या शेजारच्या कृषी सेवा केंद्रात मिळते. शेडनेट. ढोबळी मिरची, फुलं, रोपवाटिका यांसाठी महाराष्ट्रातले शेतकरी वर्षानुवर्षं ही जाळी वापरतात. ती ३५, ५०, ७५, ९० टक्के अशा सावलीच्या मापांत मिळते. शेतकऱ्याला पिकाप्रमाणे टक्का निवडायची अक्कल आहे. घर सजवणाऱ्यांनी ती त्याच्याकडून घ्यावी. स्कायलाइटसाठी ७५ टक्क्यांची जाळी मला योग्य वाटते. नव्वदची घेतली तर खाली पुन्हा दिवा लागतो. हिरव्यापेक्षा पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर ती घ्यावी, कारण हिरवी जाळी खालच्या खोलीला हिरवट छटा देते आणि पांढरी ऊन परतवतेही जास्त.

बसवण्याची पद्धत मात्र नीट हवी. जाळी काचेवर टाकून चार विटा ठेवायच्या, असं करू नये. काचेला टेकलेली जाळी तापली की उष्णता काचेला देते. जाळी आणि काच यांच्यात निदान सहा इंच, जमल्यास फूटभर मोकळी जागा हवी, म्हणजे तापलेल्या जाळीची उष्णता वारा घेऊन जातो. गल्लीतला फॅब्रिकेटर जीआय पाइपांची चौकट एका दिवसात करून देतो. चौकट काचेपेक्षा चारही बाजूंनी फूटभर मोठी ठेवावी. सकाळी नऊचं आणि दुपारी चारचं ऊन तिरकं येतं आणि नेमक्या मापाच्या जाळीखालून आत शिरतं. पूर्वेला आणि पश्चिमेला जाळी थोडी खाली उतरवली तर आणखी बरं. जाळीच्या कडा दुमडून त्यांत आयलेट मारावेत आणि चौकटीला नायलॉनच्या दोरीने ताणून बांधावं. पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी दोरी सोडायची, जाळी धुऊन घडी करून माळ्यावर ठेवायची. दिवाळी झाली की बघायचं. नागपूरकडे फेब्रुवारीअखेर लावावी लागते, नाशकात मार्चमध्ये भागतं.

एकदा चौकट उभी राहिली की तिला खालून लोखंडी जाळीही जोडून घ्यावी. गच्चीवर पाण्याची टाकी धुवायला, सोलरचा पाइप बघायला माणसं चढतात. काचेवर किंवा जुन्या पॉलिकार्बोनेट पत्र्यावर चुकून पाय पडून खाली कोसळणं हा खराखुरा, जीव घेणारा अपघात आहे. लहान मुलं असलेल्या घरात तर ही जाळी आधी आणि पडदा नंतर.

बाहेरच्या सावलीवर जे आक्षेप घेतले जातात ते मी टाळत नाही. जाळी उन्हाने जीर्ण होते, काही वर्षांनी बदलावी लागते. खरं आहे, पण ती मीटरवर मिळणारी साधी वस्तू आहे, आणि मोटरवाल्या आयात पडद्याची पट्टी तुटली तर सुटा भाग मिळवायला जो त्रास होतो त्याच्या तुलनेत हा त्रास काहीच नाही. वादळी वाऱ्यात जाळी फाटेल, असं म्हणतात. जाळीतून वारा आरपार जातो, ताडपत्रीसारखी ती फुगत नाही; वळवाच्या वाऱ्यात फाटते ती सैल बांधलेली. कोकणात वानरांचा उपद्रव मोठा आहे, तिथे जाळी टिकणार नाही, हा आक्षेप मात्र मला पटतो. तिथे जाळीऐवजी लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवाव्यात, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या आणि दक्षिणेकडून येणारं ऊन अडेल अशा तिरक्या. मेमध्ये सूर्य माथ्यावर असतो तेव्हा पट्ट्यांची रुंदी आणि अंतर असं हवं की वरून पाहिलं तर काच दिसू नये. दिसायला वाईट दिसतं, हा आक्षेप शहरात सर्वांत जास्त ऐकू येतो. गच्चीवर टाकी असते, सोलर असतो, डिशची थाळी असते, वाळत घातलेले पापड असतात. त्यांत एका चौकटीने काय बिघडतं?

उजेडाबरोबर हवाही महत्त्वाची आहे, आणि इथे आतला पडदा दुसऱ्यांदा आडवा येतो. तापलेली हवा वर जाते. छपरातली काच उघडणारी असेल, खाली जाळीचं दार किंवा खिडकी उघडी असेल, तर घराची गरम हवा रात्री आपोआप वरून निघून जाते आणि खालून थंड हवा येते. चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी नळीसारखं अरुंद घर रचलं, त्याचं सगळं तत्त्व हेच होतं: उतरत्या छताच्या आतल्या बाजूने गरम हवा वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते. पुण्यातल्या वाड्यांचे चौक हेच काम करत. कडेच्या पट्ट्यांत घट्ट बसवलेला ब्लॅकआऊट पडदा ही वाट बुजवतो. पडदे विकणारे त्या घट्ट कडांची जाहिरात करतात, कारण थंड देशात फटीतून गारवा शिरतो. आपल्याला तर ती फट हवी आहे. उघडणारी काच शक्य नसेल तर स्कायलाइटच्या उभ्या कडेला, काचेच्या लगेच खाली, कीटकजाळी लावलेली लूव्हर ठेवावी. पागोळ्यांचं पाणी आत येणार नाही एवढा वरचा ओठ पुढे काढला की झालं.

घर अजून बांधायचं असेल तर मी आणखी एक पाऊल पुढे जाऊन सांगेन: आडवी काच नकोच. मुंबईच्या गिरणगावातल्या विणकामाच्या शेडवर करवतीच्या दात्यांसारखी छपरं होती आणि काच त्या दात्यांच्या उभ्या बाजूला, उत्तरेकडे असे. हजारो मागांवर दिवसभर सारखा उजेड पडे आणि थेट ऊन फारसं नसे. घराच्या जिन्यावरही स्लॅब दोन-अडीच फूट उचलून उत्तरेकडे उभी काच बसवता येते. तिला दीड फुटाचा छज्जा पुरतो, कारण जूनमध्ये सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो तोही पुण्यात माथ्यापासून पाचच अंश. पाणी गळण्याची कटकटही उभ्या काचेला कमी, आणि धूळही कमी बसते.

आतल्या पडद्याचं योग्य काम कोणतं, हेही सांगायला हवं, कारण मी त्याच्या विरोधात नाही. झोपण्याच्या खोलीत पहाटेचा उजेड नको असेल, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असेल, शेजारच्या उंच इमारतीतून खाली डोकावता येत असेल, तर आतला पडदा हवाच, आणि ब्लॅकआऊटच हवा. अभ्यासाच्या टेबलावर उन्हाचा कवडसा फिरत असेल तर पातळ पांढऱ्या कापडाने तो पसरवता येतो. मात्र छपराच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी मार्गपट्ट्या आणि ताण हवा. भिंतीच्या खिडकीचा रोलर आडवा लावला तर मधे झोळ पडतो. स्वयंपाकघराजवळ घडीचं कापड घेऊ नये, फोडणीचा तेलकट धूर घड्यांत बसतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जाड कापडाला बुरशी धरते, तिथे धुता येणारा साधा पडदा बरा. कापड निवडताना पाठ पांढरी बघावी. एवढ्या गोष्टी पाहिल्या की पडद्याचा विषय संपतो. त्यावर हजारो रुपये अधिक घालून थंडावा मिळत नाही.

ज्यांच्या घरी स्कायलाइट आहे आणि पडदा घेण्याचा विचार चालू आहे, त्यांना माझी विनंती आहे. पैसे देण्याआधी एका दुपारी बारा वाजता गच्चीवर चढा आणि एक जुनी चादर काचेपासून फूटभर वर, चार काठ्यांवर बांधा. तीन तास तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच चादर त्याच वेळेत काचेच्या आतून लावा. दोन्ही दिवशी तीन वाजता काचेखाली उभे राहा आणि मगच दुकानात जायचं की फॅब्रिकेटरकडे, ते ठरवा.